रायफल भारीतली, पण दिवस बिघडवतो पट्टा: शिकारीच्या बंदुकीची स्लिंग निवडतात तरी कशी?

१ ऑगस्ट २०२४. पॅरिस ऑलिम्पिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये ब्राँझ जिंकलं आणि आपल्या सगळ्यांच्या स्टेटसला त्याचे फोटो लागले. ते फोटो एकदा परत नीट बघा. गुडघ्यावर बसलेला किंवा पोटावर झोपलेला नेमबाज असेल, तर रायफल पेलणाऱ्या हाताच्या दंडाला एक पट्टा आवळलेला दिसतो. उभं राहून नेम धरताना मात्र तो पट्टा नसतो.

कारण नियमच तसा आहे. आंतरराष्ट्रीय नेमबाजीत बसून आणि झोपून नेम धरताना पट्टा चालतो, तोही जास्तीत जास्त ४० मिलिमीटर रुंद. उभं राहून नेम धरताना पट्ट्याला बंदी. कारण त्या साध्या पट्टीने रायफल इतकी स्थिर होते, की उभ्याने मारण्याची खरी परीक्षाच राहणार नाही.

या पट्ट्याला म्हणतात स्लिंग. ऑलिम्पिकमध्ये त्याचं काम एकच, नेम स्थिर करायचा. पण शिकारीही हे पट्टे भरपूर विकत घेतात. आणि त्यांना या पट्ट्याकडून नेमाच्या आधी दुसरंच काहीतरी हवं असतं. म्हणूनच तिकडे शिकाऱ्यांच्या गप्पांमध्ये रायफल कोणती यावर जेवढी भांडणं होतात, जवळपास तेवढीच पट्टा कोणता यावर होतात.

विषय नेमका काय आहे, ते बघूया.

आधी एक गोष्ट क्लिअर करू

भारतात शिकारीला बंदी आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ती आली आणि तिला अपवाद मोजकेच आहेत. बंदूक बाळगायची तर १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली परवाना लागतो. त्यामुळे हे वाचून कुणी रानात जायचं नाहीये.

अमेरिकेत मात्र चित्र वेगळं आहे. तिथल्या फिश अँड वाइल्डलाइफ सर्व्हिसच्या २०२२ च्या पाहणीनुसार त्या वर्षी १६ वर्षांवरच्या सुमारे १ कोटी ४४ लाख लोकांनी शिकार केली. लायसन्स, ठरलेला हंगाम, किती जनावरं मारायची याची मर्यादा, सगळं नियमात बसवलेलं. नॉर्वे, स्वीडन, स्कॉटलंडमध्येही अशीच कायदेशीर शिकार चालते. पट्ट्याचा हा विषय मुळात तिकडचा आहे.

गणित साधं आहे: चालणं तासांचं, नेम सेकंदांचा

पिक्चरमध्ये शिकारी म्हटलं की रायफल कायम हातात आणि बोट ट्रिगरवर. प्रत्यक्षात शिकारीचा दिवस म्हणजे बहुतेक वेळ चालणं, चढणं, बसणं आणि वाट बघणं. नेम धरायची वेळ आलीच तर ती काही सेकंदांची. बऱ्याच दिवशी तीही येत नाही.

शिकारीची साधी बोल्ट अ‍ॅक्शन रायफल साधारण ३ ते साडेतीन किलोची असते. त्यावर दुर्बीण बसवली, आत काडतुसं भरली की आकडा ४ किलोच्या आसपास जातो. ४ किलो म्हणजे काय फार नाही, असं वाटेल. पण ४ किलोची पिशवी घेऊन बाजारातून घरी येणं वेगळं आणि तीच पिशवी एकाच खांद्यावर सकाळी ६ ते संध्याकाळी ६ बाळगणं वेगळं. गणपतीत ढोल पथकात वाजवलेल्या कुणालाही विचारा. ढोलाचं वजन त्रास देतं ते पहिल्या चौकात नाही, चौथ्या तासाला. आणि त्रास ढोलाचा कमी, तो बांधलेल्या पट्ट्याचा जास्त.

शाळेतलं विज्ञान इथे कामाला येतं. दाब म्हणजे वजन भागिले क्षेत्रफळ. २५ मिलिमीटर रुंदीच्या पट्टीऐवजी खांद्यावर ६० मिलिमीटर रुंदीचा भाग टेकला, तर तेच वजन दुपटीहून जास्त जागेत पसरतं आणि दाब निम्म्याच्याही खाली येतो. रायफल तेवढीच, खांदा तोच, पण संध्याकाळी मुंग्या येत नाहीत.

मग सगळ्यात रुंद, सगळ्यात गुबगुबीत पट्टा घ्यायचा आणि विषय संपवायचा? तिथेच गडबड होते. कारण पट्ट्याला एकच काम नसतं.

पट्ट्याची ३ कामं

पहिलं काम, वजन वाहणं.

दुसरं, हात मोकळे ठेवणं. दुर्बिणीतून डोंगर न्याहाळायचा, चढावर आधार घ्यायचा, कुंपण ओलांडायचं, मारलेलं जनावर ओढून आणायचं, या सगळ्याला दोन्ही हात लागतात.

तिसरं, नेम स्थिर करणं. म्हणजे ऑलिम्पिकवालं काम.

अडचण अशी, की ही ३ कामं एकमेकांच्या विरोधात जातात. वजन वाहायला मऊ, थोडा ताणला जाणारा पट्टा बरा वाटतो. नेम स्थिर करायला अजिबात न ताणणारा लागतो. खांद्यावरून घसरू नये म्हणून खरबरीत अस्तर हवं, पण पटकन रायफल खाली घ्यायची तर तेच अस्तर जॅकेटला चिकटून बसतं. म्हणून ‘बेस्ट स्लिंग कोणती’ या प्रश्नाला एक उत्तर नाही. आपला दिवस कसा जातो, हे आधी विचारावं लागतं.

बाजारात मिळतं काय?

साधी पट्टी: सुती किंवा नायलॉनची सरळ पट्टी, लांबी कमी-जास्त करायला एक बकल. पोलीस चौकीबाहेर .३०३ रायफल खांद्याला अडकवून उभे असलेले हवालदार आपण पाहिलेत, त्या रायफलीचा खाकी पट्टा याच जातकुळीतला. हलकी, स्वस्त, गुंडाळून खिशात मावते. कमी चालायचं असेल तर एवढं पुरे. जास्त चालायचं असेल तर कडा रुततात.

खांद्याशी रुंद होणारा पट्टा: दोन्ही टोकांना अरुंद आणि मधे फुगत गेलेला. नागाने फणा काढल्यासारखा दिसतो म्हणून तिकडे याला कोब्रा म्हणतात. आत पॅडिंग, खाली न घसरणारं अस्तर. हरणाच्या शिकारीला जाणाऱ्यांमध्ये हा प्रकार भरपूर दिसतो.

एम १९०७: नावातच साल आहे. अमेरिकी लष्कराने १९०७ मध्ये स्वीकारलेला चामड्याचा पट्टा. दोन तुकडे आणि पितळी आकडे. त्याचा पुढचा भाग सैल करून फास करायचा, तो दंडावर चढवायचा आणि नेम धरायचा. पहिलं महायुद्ध याच पट्ट्यावर झालं, दुसऱ्यातही तो होता. आजही तो नवा बनवून विकला जातो. नेमासाठी उत्तम, पण दंडावर चढवायला वेळ लागतो. जनावर एवढा वेळ देईलच असं नाही.

चिंग स्लिंग: या वेळेच्या अडचणीवरचा हा उपाय. एरिक चिंग यांच्या नावावरून हे नाव पडलं. नेहमीच्या पट्ट्याला पुढे आणि मागे अशा दोन कड्या लागतात. इथे ट्रिगरच्या पुढे तिसरी कडी असते आणि तिथून एक आखूड पट्टी मुख्य पट्ट्याला जोडलेली असते. त्यामुळे फास कायम तयारच असतो. हात आत घातला, दंडापर्यंत सरकवला, झालं. जेफ कूपर या अमेरिकी नेमबाजी प्रशिक्षकाने ‘स्काउट रायफल’ नावाची हलकी, सर्व कामांची रायफल मांडली होती, तिच्याबरोबर हा पट्टाही लोकप्रिय झाला. पण तिसरी कडी नसेल तर तो आपल्या रायफलीला बसत नाही, हे आधी बघावं लागतं.

दोन खांद्यांचा पट्टा: शाळेच्या दप्तरासारखा, दोन्ही खांद्यांवर. हिवाळी ऑलिम्पिकमधला बायथलॉन पाहिला असेल तर डोळ्यांसमोर येईल. बर्फावर स्कीइंग करणारे खेळाडू कमीत कमी साडेतीन किलोची रायफल पाठीवर अशीच बांधतात. वजन दोन्हीकडे सारखं, दोन्ही हात मोकळे, खांद्यावरून घसरायचा प्रश्नच नाही. तोटा एकच, रायफल पुढे घ्यायला थोडा वेळ जास्त. पाठीवर बॅग असेल तर मात्र हा पट्टा बाद.

एका कडीचा, छातीवर रायफल लटकवणारा पट्टाही व्हिडीओंमध्ये दिसतो. तो मुळात आखूड, लष्करी धाटणीच्या बंदुकांसाठी आहे. शिकारीची लांब रायफल त्याला लावली की चालताना ती गुडघ्यांवर आपटत राहते.

चामडं, नायलॉन की निओप्रीन?

चामडं दिसायला देखणं आणि वापराने खांद्याचा आकार घेणारं. ताणलं जातं फार कमी, म्हणून नेमालाही चांगलं. पण त्याची निगा राखावी लागते. पावसात भिजलं तर जड होतं, कोरडं पडलं तर करकरतं, आणि तेल लावलं नाही तर भेगा पडतात. शांत जंगलात करकर आवाज म्हणजे हरणाला दिलेली आगाऊ सूचना.

नायलॉन हलकं, मजबूत, भिजलं तरी लवकर वाळतं. स्वस्तातलं नायलॉन मात्र गुळगुळीत असतं. जॅकेटवरून सतत घसरतं आणि माणूस दिवसभर एक खांदा वर उचलून चालतो. संध्याकाळी मान धरते ती यामुळे. पट्टा वाईट आहे हे तोपर्यंत लक्षातच येत नाही.

निओप्रीन म्हणजे पाणबुड्यांच्या सूटचं, स्पंजासारखं रबरी कापड. दुकानात हातात घेतल्यावर सगळ्यात भारी हेच वाटतं. खांद्यावर वजन हलकं लागतं, कारण ते ताणलं जातं. पण ताणलं जातं म्हणूनच चालताना रायफल वरखाली उसळते. १० मिनिटं गंमत वाटते, २ तासांनी वैताग येतो. जड रायफलला ही उसळी जास्त आणि नेमाला आधार म्हणून याचा उपयोग जवळपास शून्य.

यावरचा व्यवहारी तोडगा म्हणजे मिश्रण. खांद्यावर येणारा भाग रुंद, मऊ, पण न ताणणारा. बाकी पट्टा साध्या नायलॉनचा. आणि बकल असं, की हातमोजे घातलेल्या एका हाताने लांबी बदलता आली पाहिजे.

खरी भीती छोट्या लोखंडाची

पट्टा तुटल्याचं फारसं ऐकू येत नाही. दगा देतात त्या कड्या.

रायफलच्या दस्त्यात पुढे-मागे दोन लहान खुंट्या स्क्रूने बसवलेल्या असतात. त्यात पट्ट्याच्या कड्या अडकतात. खुंटीचा स्क्रू हळूहळू सैल होतो किंवा कडीची पिन पूर्ण बसलेली नसते, आणि एखाद्या उतारावर भरलेली रायफल दगडावर पडते. दुर्बीण हलली तर नेम गेला. आत काडतूस असेल तर त्याहून वाईट होऊ शकतं.

म्हणून पट्टा घेताना ३ गोष्टी बघतात. एक, कडीचं माप. शिकारीच्या रायफलींवर १ इंची म्हणजे २५ मिलिमीटरच्या कड्या नेहमीच्या, लष्करी धाटणीच्या पट्ट्यांना सव्वा इंची म्हणजे ३२ मिलिमीटरच्या. सव्वा इंची पट्टा १ इंची कडीत कोंबला तर तो चुरगळतो आणि अडकतो. दोन, कडी पटकन निघते का. ओंडक्यावर किंवा टेबलवर टेकवून नेम धरताना लोंबणारा पट्टा अडथळा होतो, वाऱ्याने हलतो, म्हणून तो काढता यायला हवा. तीन, आवाज. धातूवर धातू वाजतो तिथे रबर किंवा कापडी टेप गुंडाळतात. फुकटातला उपाय, पण कामाचा.

तोंड वर की खाली?

पट्टा कितीही भारी असला तरी रायफल कशी अडकवली यावर बाकीचं ठरतं.

नळीचं तोंड वर, रायफल खांद्यामागे: ही सगळ्यांना माहीत असलेली पद्धत. मोकळ्या माळावर उत्तम. दाट झाडीत मात्र नळी फांद्यांत अडकते. पावसात पाणी आत जातं. आणि एक धोका कुणी सांगितल्याशिवाय लक्षात येत नाही. बुटाची लेस बांधायला वाकलात, की पाठीवरच्या रायफलचं तोंड पुढे चालणाऱ्या माणसाच्या दिशेने येतं.

तोंड खाली: याला आफ्रिकन कॅरी म्हणतात. उजव्या हाताने नेम धरणारा रायफल डाव्या खांद्यावर, तोंड जमिनीकडे करून अडकवतो. डावा हात नळीखालच्या लाकडावरच असतो, त्यामुळे एका झटक्यात रायफल खांद्याला येते. पावसाचं पाणी आत जात नाही. पण खाली बसताना तोंडात माती किंवा बर्फ गेला आणि तशीच गोळी झाडली, तर नळी फुगू किंवा फुटू शकते. म्हणून बरेच शिकारी तोंडावर साध्या टेपचा तुकडा लावतात. गोळी नळीतून पुढे येताना तिच्यापुढची हवाच तो उडवून देते, नेमाला धक्का लागत नाही.

पाठीवर आडवी: पट्टा छातीवरून तिरपा. मोटरमनच्या बॅगसारखा. लांब चालीला, हात पूर्ण मोकळे हवे असतील तेव्हा. त्यासाठी पट्टा पुरेसा लांब लागतो, आणि दुकानात हेच तपासायचं राहून जातं.

नेमाचं काम, आणि इथेच खरा प्रश्न

अमेरिकेत मोठ्या जनावरांमध्ये सगळ्यात जास्त शिकार होते त्या पांढऱ्या शेपटीच्या हरणाचं हृदय आणि फुफ्फुसं मिळून जी जागा असते, ती साधारण २० ते २५ सेंटीमीटर रुंद. गोळी तिथे लागली तर जनावर फार थोड्या वेळात मरतं. थोडी इकडेतिकडे लागली तर ते जखमी होऊन पळतं, कुठेतरी झाडीत पडतं आणि तासन्‌तास तडफडतं.

आता हिशोब करा. रायफल साधारण १ मीटर लांब. दस्ता खांद्यात पक्का आहे आणि तोंड फक्त १ मिलिमीटर हललं. १५० मीटरवर गोळी १५ सेंटीमीटर बाजूला जाते. मधोमध धरलेला नेम त्या जागेच्या बाहेर. १ मिलिमीटर म्हणजे नखाच्या कडेएवढं अंतर. चढ चढून आलेल्या, धाप लागलेल्या माणसाचा हात त्याहून जास्त हलतो.

पट्टा हे हलणं कमी करतो. दंडाभोवती आवळलेला पट्टा रायफलला मागे खांद्यात खेचून धरतो. मग रायफल स्नायूंच्या जोरावर नाही, हाडांच्या आधारावर टेकते. कोपर गुडघ्यावर किंवा जमिनीवर, पुढचा हात त्यावर उभा, वर रायफल आणि या सगळ्याला बांधून ठेवणारा पट्टा. स्नायू थकतात आणि थरथरतात, हाडं नाही.

एम १९०७ किंवा चिंग नसेल तरी साध्या पट्ट्याने अर्धं काम होतं. पुढचा हात पट्ट्यातून आत घालायचा, बाहेरून एक वेढा घ्यायचा आणि रायफल पकडायची. याला तिकडे ‘हेस्टी स्लिंग’ म्हणतात, म्हणजे घाईतला पट्टा. अट एकच, पट्टा न ताणणारा हवा आणि त्याची लांबी आधी घरी जमवलेली हवी.

इथे एक बारीक मेख आहे. काही रायफलींचा पुढचा दस्ता बारीक आणि लवचीक असतो. पट्टा जोरात आवळला की तो वाकून नळीला टेकतो आणि गोळी लागायची जागाच बदलते. ज्या रायफलींची पुढची कडी थेट नळीवर बसवलेली असते, त्यांच्यात हा परिणाम आणखी दिसतो. म्हणून पट्टा लावून नेम धरणार असाल तर सरावही पट्टा लावूनच करायचा. टेबलवर ठेवून तपासलेला नेम आणि पट्टा आवळून धरलेला नेम सारखाच असेल, हे गृहीत धरायचं नाही.

जागा बदलली की पट्टा बदलतो

विस्कॉन्सिनमध्ये हरणांचा बंदुकीचा हंगाम थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी सुरू होतो आणि ९ दिवस चालतो. इथला बहुतेक शिकारी पहाटे थोडं चालतो आणि मग झाडावरच्या मचाणात तासन्‌तास बसून राहतो. त्याला भारी पॅडिंगची गरज नाही. आवाज न करणारा, पटकन निघणारा साधा पट्टा पुरतो. थंडी मात्र कडाक्याची, म्हणून पट्टा जाड जॅकेटवरून बसेल एवढा लांब हवा.

कोलोरॅडोच्या डोंगरात एल्क या मोठ्या हरणाची शिकार वेगळी. काही ठिकाणी समुद्रसपाटीपासून ३ हजार मीटरच्या आसपास, म्हणजे कळसूबाईच्या जवळपास दुप्पट उंचीवर, दिवसाला कितीतरी किलोमीटर चाल. पाठीवर मोठी बॅग. इथे खांद्यावर आधीच बॅगेचा पट्टा असतो, त्यावर रायफलचा पट्टा टिकत नाही. सह्याद्रीत मोठी सॅक घेऊन ट्रेक करताना वरून कॅमेरा लटकवलेल्यांना हा त्रास नेमका माहीत असेल. उपाय म्हणजे बॅगेलाच रायफल अडकवणारी सोय. दस्ता कमरेजवळच्या खिशात आणि वर एक पट्टी, जी ओढली की सुटते. वजन खांद्यावर न येता बॅगेच्या कमरपट्ट्यावर जातं. शिकार झालीच तर जवळपास ३०० किलोचं जनावर तुकडे करून खेपांमध्ये खाली आणायचं असतं. तेव्हा हात मोकळे हवेतच.

स्कॉटलंडच्या हायलँड्समध्ये उघड्या, ओल्या डोंगरावर सरपटत हरणाजवळ जावं लागतं. तिथे जुनी पद्धत अशी, की रायफल कापडी खोळीत घालून वाटाड्याच नेतो आणि नेम धरायच्या जागी पोचल्यावर पाहुण्याच्या हातात देतो. तिथे पट्टा लागतो तो खोळीला.

आफ्रिकेत म्हशीसारख्या धोकादायक जनावराच्या मागावर दाट झुडपात शिरताना तर बरेच जण पट्टा काढूनच ठेवतात. काट्यात अडकून गेलेला १ सेकंद तिथे महागात पडतो.

पट्टा म्हणजे सेफ्टी नाही

रायफल खांद्यावर नीट बसली की माणूस तिला विसरतो. चांगल्या पट्ट्याचा हाच धोका.

अमेरिकेत शिकारीच्या प्रशिक्षणात यावर स्पष्ट सूचना असतात. मचाणावर चढताना रायफल खांद्याला अडकवून चढायचं नाही. आधी ती रिकामी करायची, दोरीला बांधायची, स्वतः वर जाऊन बसायचं आणि मग तोंड खाली ठेवून ती वर ओढायची. कुंपण ओलांडायचं, ओढा पार करायचा, तरी आधी रायफल रिकामी. लांब चालताना चेंबरमध्ये काडतूस ठेवायचं नाही. आणि दाट झाडीत, जिथे फांदी रायफलला खांद्यावरून खेचू शकते, तिथे ती पट्ट्यावर न सोडता दोन्ही हातांत धरायची.

घसरणाऱ्या पट्ट्याचा मुद्दा इथेच गंभीर होतो. खांद्यावरून रायफल निसटली की माणूस विचार न करता झडप घालतो. झडप घातलेला हात कुठे पडेल, याची खात्री नसते. कधी तो ट्रिगरवरही पडू शकतो.

मग घेताना काय बघायचं?

हा सगळा विषय ५ तपासण्यांमध्ये बसतो. दुकानात किंवा घरी, रायफल पूर्ण रिकामी करून, दोनदा खात्री करून.

१. रानात जे जॅकेट घालणार तेच घालून पट्टा लावा. टी-शर्टवर बसलेला पट्टा हिवाळी कोटावर बसत नाही.

२. अर्धा तास चाला. जिने चढा, उतरा, वाका. रायफल किती वेळा सरकवावी लागली, ते मोजा. ४-५ पेक्षा जास्त वेळा हात गेला, तर हा पट्टा तुमचा नाही.

३. खांद्यावरून नेमाच्या स्थितीत या. पट्टा बाहीत, बटणात, बॅगेत कुठे अडकतो ते बघा.

४. बसून पट्ट्यात हात घाला. रायफल खांद्यात ओढली जाते का? खेचल्यावर पट्टा ताणला जात असेल, तर नेमासाठी त्याचा भरवसा नाही.

५. खुंट्या आणि कड्या हाताने जोर लावून हलवा. मग रायफल हलकेच झटका. खुळखुळ ऐकू आली तर हरणालाही येणार.

यातली फक्त पाचवी तपासणी दर वेळी बाहेर पडण्याआधी परत करायची. स्क्रू सैल व्हायला एक हंगाम पुरतो.

चामड्याचा की नायलॉनचा, कोब्रा की चिंग, यावरची भांडणं चालूच राहतील. पण या ५ परीक्षांत जो पट्टा पास होतो तो बऱ्याचदा सगळ्यात महाग नसतो आणि सगळ्यात देखणाही नसतो. तो दिवसभर आठवत नाही. आणि ज्या काही सेकंदांसाठी तो लागतो तेव्हा रायफल हलत नाही, म्हणजे समोरचं जनावर जखमी होऊन पळत नाही आणि पुढे चालणारा सोबती सुखरूप घरी येतो.